दोन नवे टायर, दोन जुने

शहरातल्या एका टायरवाल्याने मला फसवलं. त्याला माहीत होतं, मला माहीत नव्हतं, आणि माहीत असून तो गप्प बसला. याला मी फसवणं म्हणतो. माझी बायको तसं म्हणत नाही. तिच्या मते हे माझ्याच तोंडाचं फळ आहे. पण लिहायला मी बसलो आहे, ती नाही, म्हणून आधी माझं म्हणणं.

बाकी माझं उत्तम चाललं आहे हेही सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी रडगाणं घेऊन बसलाय. सोलापूरच्या बाहेर, मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला माझी शेळ्यांची शेड आहे. वर पत्रा, जमिनीपासून कंबरेइतका उंच फळ्यांचा माचा. लेंड्या फटीतून खाली पडतात, शेळी कोरडी राहते. सकाळचा चारा टाकून झाला की मी तिथेच बाजेवर बसतो आणि कडक भाकरी दह्यात चुरून, वर शेंगाची चटणी टाकून खातो. शेळ्या रवंथ करत असतात, मी माझं करतो. त्या वेळी कुणी मला राजा केलं तरी मी उठणार नाही. मी पैदाशीचे बोकड विकतो आणि ते घ्यायला लोक लांबून येतात. हे सगळं मी चार शेळ्यांवर उभं केलं. त्या चारही माझ्या नव्हत्या, चुलत्याच्या होत्या, आणि त्याने त्या मला फुकट दिल्या नव्हत्या.

आमचं मूळ गाव सांगोल्याच्या बाजूला. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, घरटी शेरडं-मेंढरं. माझा चुलता बाजारात शेळ्यांचे सौदे करायचा, आणि मी त्याच्या मागे फिरून शिकलो. शेळीचा ओठ वर करून दात बघायचे. दोन दात, चार दात, सहा दात. विकणारा सांगतो ते वय ऐकायचं नाही, दात सांगतात ते ऐकायचं. कास हातात धरून बघायची. चालवून बघायची. आणि भाव रुमालाखाली करायचा. घेणाऱ्याचा हात आणि विकणाऱ्याचा हात एका रुमालाखाली जातात, बोटं धरून आकडा सांगितला जातो, बाजूच्याला पत्ता लागत नाही. तोंडाने बोलायचं नाही. चुलता म्हणायचा, "तोंड उघडलं की माणूस खोटं बोलतो. बोटाला खोटं बोलता येत न्हाय."

पण आमच्या बाजारात त्याच रुमालाला जोडून आणखी एक रीत होती, आणि हा सगळा मजकूर मी त्या एका रीतीपायी लिहितोय. भाव ठरला, रुमाल उचलला, की दावं सोडायच्या आधी विकणाऱ्याने जनावराची खोड स्वतःहून सांगायची. घेणाऱ्याने विचारायचं नाही, विकणाऱ्याने सांगायचं. एकदा चुलत्याने एका म्हाताऱ्याला दुभती शेळी विकली. रुमाल उचलला आणि लगेच म्हणाला, "पावणं, हिचं एक थान बंद हाय. दूध एकाच थानातनं येतं." मला वाटलं, झालं, सौदा मोडला. म्हातारा हसला. म्हणाला, "मला दिसलं हुतं. तुमी सांगताय का बघत हुतो." शेळी घेऊन गेला आणि पुढच्या वर्षी परत आमच्याकडेच आला. खोड ऐकून सौदा मोडायचा घेणाऱ्याला हक्क असायचा. ती लपवून दावं सोडलं, तर मात्र त्या माणसाच्या रुमालाखाली बाजारात कुणी हात घालायचा नाही.

मी आजही तसंच करतो. बोकड विकताना आधी मी कमालीचा कडू माणूस असतो. पण सौदा झाला की सांगतो, हा रात्री ओरडतो, हा माणसाला ढुशी मारतो, याच्या बापाचे खूर वाकडे होते. माझा धंदा त्यावर उभा आहे. हुशारीवर तर उभा आहेच, पण हुशार माणसं बाजारात पुष्कळ असतात.

आता गाडी. काळ्या रानातल्या वाड्यावस्त्यांवर बोकड बघायला जायचं तर पावसाळ्यात दोन चाकांवर ओढणारी गाडी कामाची नाही. एकदा माझी जुनी गाडी अक्कलकोटच्या पुढे चिखलात रुतली आणि ती काढायला ज्या माणसाने बैल दिले, त्यानेच नंतर मला बोकड विकला. तेव्हा मी भाव पाडू शकलो नाही. ज्याच्या बैलांनी आपल्याला बाहेर काढलं, त्याच्याशी घासाघीस कशी करायची? त्याच दिवशी ठरवलं, आता चारही चाकांनी ओढणारी घ्यायची.

ती मला पुण्याच्या एका निवृत्त साहेबाकडे मिळाली. उंच, पांढरी, आत मऊ गाद्या. साहेबाने ती कधी डांबरावरून खाली उतरवलीच नव्हती. तिला चार चाकं जोडायचा वेगळा दांडा नव्हता. साहेब म्हणाला, या गाडीत पुढची आणि मागची चाकं मधल्या एका डब्यातून सतत जोडलेली असतात, गाडीच स्वतः ठरवते की जोर कुठे द्यायचा. मला ते आवडलं. दांडा नाही म्हणजे मोडायला दांडाही नाही. मागच्या गाद्या पाडून मी ताडपत्री अंथरली, आणि ज्या गाडीत साहेबाची बायको पुस्तक वाचत बसायची, त्या गाडीत माझे बोकड उभे राहून सोलापूर बघू लागले. बायकोला पहिल्यांदा लाज वाटली. मग तिला पुढची गादी आवडली.

तीन वर्षं गाडी सुरेख चालली. मग पुढचे दोन टायर आतल्या कडेने झिजले. चाकाचा कोन बिघडला होता, मी लक्ष दिलं नव्हतं. टायरच्या आतल्या अंगाची नक्षी पार पुसून गेली होती, अगदी टक्कल. मागच्या दोघांची नक्षी बारीक झाली होती, पण एकसारखी होती. माझ्या हिशोबाने ते अजून वर्षभर चालले असते.

मी ज्या टायरवाल्याकडे गेलो तो चाळिशीचा, शांत माणूस. घरात तेलुगू बोलणारा, आजोबा हातमागावर होते, बापाने माग विकून टायरचं दुकान टाकलं. दुकान मोक्यावर, बाकावर कायम तीन-चार माणसं. मी त्याला अण्णा म्हणतो.

"अण्णा, पुढचे दोन टाका."

त्याने गाडीखाली वाकून बघितलं. उठला, हात पुसले. "चारी चाकाची हाय की ही, मालक. हिला असं—"

"हिला काय? दोन गेलेत, दोन टाका. चार विकायचा धंदा मला शिकवू नका. मी बोकडं विकून हितवर आलोय."

बाकावरची माणसं हसली. हसणारी माणसं समोर असली की मी जरा जास्तच बोलतो.

"तसं न्हाय, ऐका तरी—"

"ऐकायला मी कीर्तनाला जातो. दर बोला." आणि त्याच्या गल्ल्यावरचा सोलापुरी नॅपकिन उचलून मी स्वतःच्या हातावर टाकला. "येतं का असलं?"

त्याने नॅपकिनचं टोक बोटांनी चाचपलं. मग म्हणाला, "आमचे आजोबा सूत असंच घ्यायचे." आणि त्याने हात आत घातला.

त्याला येत होतं. चांगलं येत होतं. बोटं न घाबरता धरत होता. मी तीन वेळा बोट मोडून खाली आणलं, त्याने दोन वेळा वर नेलं. बाकावरची माणसं मान ताणून बघत होती. शेवटी जिथे ठरलं तिथे मी खूश होतो, आणि मला वाटतं तोही होता. मी नॅपकिन उचलला. सवयीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. आता हा बोलणार, असं मला त्या क्षणी वाटलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. तो वळला आणि चाकं खोलायला माणसाला हाक मारली.

नवे दोन पुढे बसले. झिजलेले दोन मागे राहिले. पैसे देऊन मी बाहेर पडलो आणि घरी जाऊन बायकोला सौद्याची गोष्ट दोनदा सांगितली.

दोनेक महिने मी ती गाडी तशीच पळवली. गोल वळण घेताना खालून गुरगुर यायची. मी म्हणायचो, रस्ता. मग समोर एक पिवळा दिवा लागू लागला, त्यावर चार चाकांचं चित्र. गाडी बंद करून सुरू केली की जायचा. मी म्हणायचो, वायर सैल असणार. बायको म्हणाली, "चार चाकांचं चित्र हाय म्हणजे चाकांचं कायतरी आसंल की." मी म्हणालो, "तुला गाडीतलं काय कळतं?" ती गप्प बसली. माझ्या आयुष्यात माणसं अशी गप्प बसत आली आहेत आणि ते प्रत्येक वेळी मला महागात पडलं आहे. पण तो विषय वेगळा.

त्यानंतर आम्ही कुर्डुवाडीच्या पुढे, केम गावाला एक बोकड आणायला गेलो. बायकोही आली, कारण त्या शेतकऱ्याची बायको तिच्या ओळखीची. दिवस छान गेला. बोकड देखणा होता, पांढऱ्या अंगावर तांबड्या मानेचा. शेतकऱ्याने भाव ताणला, मी ताणला, जेवण झालं, परत ताणला. परतीच्या वाटेवर बायको पुढे बसून ज्वारीचा हुरडा खात होती, बोकड मागून आमच्या दोघांच्या मधे तोंड घालून तिच्या हातातला हुरडा ओढत होता, आणि मी मनात म्हणत होतो, आता आणखी काय पाहिजे माणसाला.

कुर्डुवाडीच्या अलीकडे जळका वास आला. बायको म्हणाली, बोकडाचा असेल. बोकडाचा वास मला झोपेतही ओळखू येतो. हा तेल करपल्याचा होता. पिवळा दिवा लागला आणि गेलाच नाही. एका वळणावर गाडी अशी अडली, जणू खालून कुणी तिचे पाय धरले. कडकड आवाज आला. मी गाडी लिंबाच्या सावलीत घेतली आणि सोलापूरच्या मिस्त्रीला फोन लावला. हा म्हातारा, हाडाचा कारागीर, घरात दखनी बोलतो आणि माझ्याशीही तेच बोलतो. मी त्याला चाचा म्हणतो.

सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "सेठ, चलाओ नक्को."

"मग बांधून ओढत आणतो."

"खींचके भी लाओ नक्को! उठाके लाओ. चारो चक्के जमीन कू लगना नक्को."

मग काय, सपाट फळीची गाडी मागवली. ती येईपर्यंत आम्ही लिंबाखाली बसलो. बोकडाला मी गाडीच्याच दाराला बांधलं. येणारे-जाणारे थांबून विचारत, बोकड विकायचा का. दोघांनी तर गाडी विकायची का म्हणून विचारलं. बायको हसून हसून आडवी झाली. मीही थोडा हसलो, हे मान्य करतो.

चाचाच्या गॅरेजमध्ये गाडी वर चढली. त्याने मधला डबा हाताने चाचपला, बोट तेलात घातलं, वास घेतला. तो पुढे गेला, पुढच्या टायरवरून हात फिरवला. मागे गेला, मागच्यावरून फिरवला. मग त्याने एक पुढचं आणि एक मागचं अशी दोन चाकं काढली, दोन्हींवर खडूने रेघ मारली आणि फरशीवर एका ओळीत उभी केली.

"सेठ, तुम ये घुमाओ, मैं वो घुमातौं. दस चक्कर. गिनो."

आम्ही दोघे म्हातारे गॅरेजमध्ये चाकं ढकलत, मोठ्याने मोजत निघालो. एक, दो, तीन. दहा झाल्यावर थांबलो. माझं नवं चाक त्याच्या जुन्या चाकाच्या पुढे गेलं होतं. मी वीत लावून बघितलं. दीड वीत भरली.

"दहा फेऱ्यांत दीड वीत," मी म्हणालो. "एवढंच?"

"एवढंच? केम से कुर्डुवाडी कित्ते चक्कर हुए, गिनो ना." चाचाने डब्याकडे बोट केलं. "टायर घिसा तो छोटा हुआ. छोटा हुआ तो जादा घुमना पडता. आगे वाला कम घूमा, पीछे वाला जादा. ये बीच का डब्बा बिचारा क्या समझता? समझता, कोई चक्का फिसल रा. पकडता. छोडता. फिर पकडता. दिन भर वोईच काम. जल गया." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "एक पाँव में चप्पल, एक पाँव में गमबूट पहनके पंढरपूर तक जाओ सेठ, फिर कमर कू पूछो."

मी विचारलं, "हे टायरवाल्याला ठाऊक असतं?"

चाचा हसला. "टायर वाले कू? पैले दिन से."

तिथेच माझं डोकं फिरलं. डबा जळाल्याचं दुःख होतंच. चाचाने तसलाच जुना डबा शोधून बसवला आणि गाडी आता पहिल्यासारखी पळते, ते दुःख संपलं. पण 'पहिल्या दिवसापासून' हे शब्द आत अडकून बसले.

घरी आल्यावर बायकोने गाडीच्या कप्प्यातलं जाड पुस्तक आणलं. तीन वर्षं ते तिथेच होतं, एका कोपऱ्याला बोकडाने चावलेलं. ती अक्षर अक्षर लावत इंग्रजी वाचते. तिने बोट ठेवून वाचलं, चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि एकसारखे झिजलेले असावेत, बदलायचे तर चारही बदलावेत. वाचून तिने पुस्तक मिटलं.

"पुस्तकाला तुमी बोलू दिलं आसतं तर—"

"पुस्तक मला विकायला बसलं नव्हतं. तो बसला होता."

तिचं माहेर कर्नाटकाच्या सीमेवरचं. कंटाळली की ती कानडीत जाते. "साकु, बिडरी," म्हणाली, म्हणजे पुरे, सोडा आता. पण मी सोडणारा नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. बाकावर माणसं होती. मला ती हवीच होती.

"अण्णा, ही गाडी चारी चाकाची हे तुमी वाकून बघितलंत. बरोबर?"

"व्हय."

"दोन नवे दोन जुने घातले की मधला डबा जळतो, हे तुमाला ठाऊक होतं. बरोबर?"

त्याने काउंटरवरची चिठ्ठी सरळ केली. "मी बोलायला लागलो हुतो की मालक. दोनदा बोललो. तुमी रुमाल टाकला."

"रुमालाखाली बोलायचं नसतं. रुमाल उचलल्यावर बोलायचं असतं! खोड सांगायची असते. दावं सोडायच्या आधी."

"ते तुमच्या शेरडांच्या बाजारात आसंल. आमच्यात असं काय न्हाय."

"मग हात कशाला घातला माझ्या रुमालात?"

बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "ह्ये मातर बराबर बोलला." दुसरा म्हणाला, "पण ऐकूनच घेत न्हाय ओ हा मानूस, म्या हुतो की त्या दिवशी." मग त्या दोघांचीच जुंपली. अण्णाने सगळ्यांना चहा सांगितला. मी घेणार नव्हतो, पण चहा आला तो आला.

आणि आता खरी थट्टा ऐका. मला मागचे दोन टायर नवे घ्यायचेच होते, आणि ते पुढच्यांच्याच जातीचे, त्याच नक्षीचे हवे होते, पुस्तकात तसं लिहिलेलं. सगळं सोलापूर हिंडलो. तसे टायर फक्त अण्णाकडे होते. पुढचे दोन्ही जेमतेम दोन महिने चालले होते, जवळजवळ नवेच, त्यामुळे जोडी जमत होती. ज्या माणसाने मला फसवलं त्याच्याच दारात मी उभा राहिलो. या वेळी रुमाल नाही. चार माणसांत, उघड्या तोंडाने, सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत मी त्याच्याशी घासाघीस केली आणि इतक्या कमीत घेतले की तो म्हणाला, "मालक, एकांदा बोकड तरी द्या वर." मी घरी गाणं म्हणत आलो. पण त्याच्या तोंडून एक वाक्य मला पाहिजे होतं, 'मला ठाऊक होतं, आणि मी सांगितलं नाही', ते मी सकाळपासून दुपारपर्यंत मागूनही मिळालं नाही. भाव उतरवता आला, तेवढं वाक्य उतरवता आलं नाही.

त्यानंतर मी त्या दुकानात जात-येत राहिलो. हवा भरायला, चहा प्यायला, आणि खरं सांगायचं तर अण्णाला पुन्हा तसंच करताना पकडायला. महिन्यापूर्वी ती वेळ आली. बार्शीकडचा एक द्राक्षबागायतदार आला, स्वच्छ पांढरे कपडे, गाडी माझ्यासारखीच उंच. म्हणाला, "मागचे दोन बदला." अण्णाने वाकून गाडीखाली बघितलं. उठला. हात पुसले. मी बाकावरच बसलो होतो. अण्णाने माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा चिठ्ठी सरळ करू लागला.

मी उठलो. "दादा, गाडी चारी चाकाची हाय. दोन बदलू नका. मधला डबा जाईल. माझा गेलाय." आणि मी त्याला सगळं सांगितलं, खडूची रेघ, दहा फेऱ्या, दीड वीत. मी त्याला चाकांजवळ नेऊन नक्षीत बोट घालायला लावलं. आधी त्याने मला दुकानाचा माणूस समजून संशयाने बघितलं, कारण चार विकायला निघालेला माणूस असाच बोलणार. मग म्हणाला, "तुमचं यात काय जातंय?"

"काय जात न्हाय. माझं गेलं ते गेलं."

त्याने विचार केला, फोन लावून कुणाला तरी विचारलं आणि चारही टायर घेतले. चार! माझ्या डोळ्यांसमोर अण्णाच्या माणसाने चार टायर लोळवत आणले. बागायतदार हात जोडून गेला. अण्णा हसत होता, त्याने बासुंदी मागवली, म्हणाला, "मालक, तुमी रोज येऊन बसा हितं. बसायचं भाडं देतो."

बासुंदी चांगली होती. पण वाटी हातात घेऊन मी जे बघितलं होतं त्याचा हिशोब लावत बसलो आणि तो लागेना. खोटं बोलून माणूस पैसे कमावतो, ते मला समजतं. खोड लपवून आजारी शेळी खपवतो, तेही समजतं, माफ करणार नाही, पण समजतं. पण इथे खरं बोललं असतं तर याचे दोन टायर जास्त विकले गेले असते. गप्प बसून याने स्वतःचंच नुकसान केलं, माझ्या वेळी केलं आणि त्या बागायतदाराच्या वेळीही करायला निघाला होता. असा तोट्याचा धंदा मी बाजारात कधी पाहिला नाही.

बायकोला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "तुमी त्याला त्या दिवशी चोर म्हणालात की. तुमीच मला सांगितलंय."

म्हणालो होतो. ते वर लिहायचं राहून गेलं, आता लिहितो. रुमालात हात घालताना मी बाकावरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणालो होतो, "टायरवाले सगळे चोर, त्यातल्या त्यात हा बरा चोर दिसतोय." माणसं हसली होती. तो हसला होता की नाही, ते मी बघितलं नव्हतं. सौद्यात असं बोलतात. मला बाजारात लोक याहून वाईट बोललेत आणि मी त्यांच्याबरोबर भाकरी खाल्ली आहे.

पण समजा, त्याला ते लागलं. समजा, त्यामुळेच त्याने ठरवलं की या माणसाला आपण सांगायचं नाही. मग बागायतदाराने त्याला काय म्हटलं होतं? तो तर एक शब्द वाकडा बोलला नाही.

म्हणून अण्णा, हे तुमच्यासाठी. तुम्ही वाचत नाही हे मला ठाऊक आहे, पण बाकावरचा कुणीतरी वाचून दाखवेल. टायर मी तुमच्याकडूनच घेतो, पुढेही घेईन. चहाही घेईन. डब्याची भरपाई मी कधी मागितली नाही, मागणारही नाही. चोर म्हटल्याचा राग असेल तर चार माणसांत तसं सांगा, मी चार माणसांतच शब्द मागे घेतो, भाव न करता. पण तुम्ही गाडीखाली दोनदा वाकलात, दोनदा तुम्हाला दिसलं, आणि दोनदा तुम्ही हात पुसून ते पोटातच ठेवलंत. माझ्या वेळी का, आणि त्या दुसऱ्या माणसाच्या वेळी का? मी उद्या सकाळी दुकान उघडताना येतो. चहा मागवू नका. आधी उत्तर द्या.